आईच्या रिपोर्टात एम बँड आलाय, आणि डॉक्टर म्हणतात काही करायचं नाही??

मुलुंडची_मी
आईचं (६७) रुटीन चेकअप केलं त्यात टोटल प्रोटीन जास्त आलं म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीन वेगळी करून ग्राफ काढतात ती टेस्ट) करायला सांगितलं, तर ग्राफमध्ये शेवटी जिथे पसरट टेकाड असायला हवं तिथे एक टोकदार सुळका, खाली लिहिलंय एम बँड, म्हणजे एकाच प्रकारचं जादा प्रोटीन, ०.८ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले एमजीयूएस आहे, म्हणजे प्रोटीन जादा आहे पण आजार नाही, सहा महिन्यांनी या. बाकी किडनी, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. पण ही मायलोमाची (मॅरोतल्या पेशींचा कॅन्सर) आधीची पायरी असेल तर आत्ताच का नाही मारून टाकत? आणि मॅरो (अस्थिमज्जा) तर हाडाच्या आत बंद असतो ना, मग हे एका हाडातून सगळ्या हाडांत जातं कसं? आई दिवसभर पाठ चाचपत बसते हो.

परळ_लॅबवाला
ताई, आधी घाबरणं थांबवा. पन्नाशीपुढच्या साधारण ३ टक्के लोकांत हा सुळका सापडतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. एमजीयूएस हे नाव मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काईल यांनी १९७८ मध्ये दिलं, त्यांनीच वर्षानुवर्षं पेशंट फॉलो करून दाखवलं की वर्षाला साधारण १ टक्का लोकच पुढे मायलोमा किंवा तसल्या आजारात जातात.
आता कसं जातं ते. एकाच प्लाझ्मा सेलची, म्हणजे मॅरोतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीची, पिल्लावळ वाढत जाते, सुळका तिच्याच प्रोटीनचा. सुरुवातीचा बिघाड, म्हणजे ११ आणि १४ क्रोमोसोमची अदलाबदल किंवा जादा क्रोमोसोम, हा एमजीयूएसमध्येच असतो. मिक, रास असल्या जीन्समधली गडबड बहुतेक नंतर होते. पण नुसत्या पेशी बिघडून भागत नाही, शेजारही फितवावा लागतो. मॅरोतल्या बाकीच्या पेशी त्यांना पोसायला लागतात, इम्युनिटी दमते, हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात आणि हाड भरणाऱ्या गप्प बसतात, म्हणून एक्सरेत भोकं दिसतात. आणि मॅरो बंद वगैरे नसतो, नवीन रक्त रोज तिथूनच तर बाहेर पडतं, त्याच वाटेने थोड्या पेशी निसटतात आणि दुसऱ्या हाडातल्या मॅरोत जाऊन बसतात. रक्तात अशा पेशी जास्त सापडल्या तर धोका जास्त, म्हणून सध्या त्यावर बरंच काम चाललंय.

गिरगाव_कट्टा
लॅबवाले बरोबर बोलतायत पण एक राहिलं. तो १ टक्का वर्षं गेली म्हणून कमी होत नाही, दहा वर्षं काही झालं नाही म्हणजे सुटलो असं नसतं, त्यामुळे फॉलोअप सोडायचा नाही. माझ्या मोठ्या भावाला स्मोल्डरिंग मायलोमा आहे, ती याच्या पुढची पायरी, तिथे पहिली पाच वर्षं वर्षाला १० टक्के धरतात. त्यातल्या हाय रिस्कवाल्यांना आधीच औषध द्यावं का यावर डाराटुमुमॅब या मायलोमाच्या इंजेक्शनची अक्विला नावाची ट्रायल झाली, २०२४ च्या शेवटी रिझल्ट आला. पाच वर्षांनी आजार पुढे न सरकलेले औषधवाल्यांत ६३ टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४१. पण ते स्मोल्डरिंगसाठी, तुमच्या आईसाठी नाही! शंभरातल्या नव्व्याण्णवांना वर्षभरात काहीच होणार नाही, त्या सगळ्यांना इंजेक्शनं टोचून इन्फेक्शन ओढवून घ्यायचं का.

मुलुंडची_मी
धन्यवाद दोघांना, जरा जीव भांड्यात पडला. मावशी गव्हांकुराचा रस पाठवतेय रोज, देऊ का?

परळ_लॅबवाला
त्याने बँड उतरत नाही, मावशीचं मन राखायचं तर डॉक्टरांना विचारून द्या. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा, बँड आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीचा आहे का आणि फ्री लाईट चेनचा (अँटिबॉडीचे सुटे तुकडे) रेशो किती. आयजीजी, बँड १.५ ग्रॅमच्या खाली, रेशो नॉर्मल, असं तिन्ही जुळलं तर २० वर्षांत पुढे जाण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास. आणि पुढची टेस्ट त्याच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की ०.८ चं १.० होतं आणि लोक रात्री अकराला मला फोन करतात.