सातबाऱ्यावरचा ३ रुपये ७५ पैशांचा ‘आकार’ कोणी आणि कशावरून ठरवला असेल?

नीराकाठ

नमस्कार. इंदापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित शेतीच्या वाटपाचे काम सध्या चालू असून त्यासाठी सातबारा काढला. क्षेत्र ४ हेक्टर ५ आर आणि त्यासमोर आकार ३ रुपये ७५ पैसे. आजवर हा आकडा शेकडो वेळा डोळ्यांखालून गेला असेल, पण तो कशाचा आहे हे विचारावेसे कधी वाटले नव्हते. नंतर आजोबांच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या सापडल्या, आणि त्यांवर याच शेताचा सारा ३ रुपये १२ आणे लिहिलेला आहे. म्हणजे आणे जाऊन पैसे आले एवढाच काय तो फरक. रक्कम जिथल्या तिथे आहे.

दहा एकरांचा वर्षाचा कर चहाच्या एका कपाहून कमी! आमचे काका मात्र लहानपणापासून सांगत आले आहेत की इंग्रजांनी साऱ्यापायी कुणब्याला नागवले. या दोन गोष्टींचा मेळ मला लावता येत नाही. हा आकडा पिकाचा काही हिस्सा म्हणून ठरला होता का, आणि तो पुढे वाढला का नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे. याच रकान्यापाशी ‘जुडी किंवा विशेष आकारणी’ असे छापलेले असते, तेही काय आहे?

दप्तरखाना

आपण योगायोगाने इंदापूरचे निघालात. मुंबई इलाख्याची सारापद्धत जिथे आधी फसली आणि मग उभी राहिली, तो हाच तालुका.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने जुन्या वसुलाच्या आकड्यांवरच काही वर्षे काम भागवले. मग रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून जमिनीची मोजणी आणि आकारणी हाती घेतली. त्याच्या डोक्यात रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा खंडसिद्धान्त होता. शेताचे सरासरी उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नापैकी ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असे त्याचे गणित होते. कागदावर ते निर्दोष दिसते. प्रत्यक्षात मोजणी सदोष झाली, उत्पन्नाचे अंदाज हाताखालच्या कारकुनांनी मनास येईल तसे भरले, आणि त्याच सुमारास धान्याचे भाव कोसळले. सारा रोख भरायचा असल्यामुळे तेवढ्याच रकमेसाठी कुणब्याला आता जास्त धान्य विकावे लागू लागले. इंदापुरात लोकांनी जमिनी टाकल्या, कित्येकजण गाव सोडून गेले.

हे निस्तरण्यासाठी १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर इंदापुरात आले, आणि १८३६ पासून त्यांचे दर लागू झाले. त्यांनी ‘निव्वळ उत्पन्न’ काढण्याचा नादच सोडून दिला, हे त्यांचे खरे शहाणपण. पीक वर्षागणिक बदलते, जमीन तेवढी बदलत नाही. तेव्हा त्यांनी जमिनीची प्रत, म्हणजे तिचा दर्जा, ठरवली. सर्वांत उत्तम जिरायत जमीन १६ आणे, त्याखाली १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि २ आणे, अशा एकूण नऊ प्रती केल्या. त्यानंतर हवामान, पाऊस, बाजारपेठेचे अंतर आणि पूर्वी प्रत्यक्ष किती वसूल येत होता, हे पाहून गावांच्या एकेका गटासाठी एकरी कमाल दर नेमून दिला.

आपल्या आकड्यावर हे करून पाहू. आपले क्षेत्र म्हणजे दहा एकर. समजा, आपल्या गावचा कमाल दर एकरी १२ आणे आहे आणि आपल्या शेताची सरासरी प्रत ८ आणे भरली. मग एकरी ६ आणे, दहा एकरांचे ६० आणे, म्हणजेच ३ रुपये १२ आणे. दर मी केवळ उदाहरणासाठी धरला आहे, कारण मूळ दर पुढच्या फेरआकारणीत बदलले. रीत मात्र हीच होती.

तेव्हा आपला आकार हा पिकाचा हिस्सा नव्हे. पीक आले न आले तरी तो देणे होता, आणि तीस वर्षे तो वाढवायचा नाही अशी हमी होती. विहीर खणून कोणी बागायत केली तरी तेवढ्यावरून त्या मुदतीत सारा वाढत नसे.

जुडीचे थोडक्यात सांगतो. इनाम जमिनींवर पूर्ण साऱ्याऐवजी जी कमी रक्कम घेत, ती जुडी. इनामे गेली, रकान्याचे नाव राहिले.

साखळीवाला

वरील प्रतिसाद योग्य आहे. मी मोजणीच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून प्रतबंदी जमिनीवर कशी होत असे तेवढे सांगतो.

आमची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीनंतर प्रतबंदी करणारा अधिकारी शेताचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात माती खणून बघत असे. रंग व पोत पाहून मातीच्या तीन जाती मानलेल्या होत्या. पहिल्या जातीची काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर १६ आणे. पुढे खोली दर पाव हाताने घटली की प्रत एकेक पायरी खाली. एक हात खोलीच्या काळ्या मातीला १० आणे मिळत. त्यानंतर दोष पाहायचे: चुनखडी मिसळलेली, वाळू मिसळलेली, उताराची, पाणी न मुरणारी, ओढ्याच्या लोंढ्याने खरवडली जाणारी, पाणी साचणारी. प्रत्येक दोषाची ठरलेली खूण त्या चौकोनात घालायची आणि दर दोषामागे एक प्रत उतरवायची. म्हणजे त्याच हातभर काळ्या मातीत चुनखडी असली की १० चे ८ आणे. शेवटी सर्व चौकोनांची सरासरी. विहिरीवरून अंदाज नाही, घरातल्या बैलांवरून नाही, पाटलाच्या शब्दावरून तर मुळीच नाही.

एक खुलासा करतो, कारण यावरून वकिलांचाही गोंधळ झालेला मी पाहिला आहे. ‘आणेवारी’ हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. मातीची प्रत हा पहिला अर्थ, सामाईक जमिनीतील खातेदाराचा हिस्सा हा दुसरा. तिसरा अर्थ पिकाच्या अंदाजाचा. त्याला आता पैसेवारी म्हणतात आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात. आपल्या आकाराशी संबंध फक्त पहिल्या अर्थाचा.

कोरडवाहू

दोन्ही प्रतिसादांतून विंगेटची पद्धत फारच न्याय्य होती असे चित्र उभे राहते आणि ते मला पटत नाही. नीराकाठ यांच्या काकांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे.

पहिल्या तीस वर्षांचे दर हलके होते आणि ओस पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आली, हे मान्य. परंतु तीस वर्षे भरल्यावर, म्हणजे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, फेरआकारणी झाली ती अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकल्याच्या पाठोपाठ. नवे आकार बरेच चढे लागले आणि भाव तर १८६५ नंतर उतरणीला लागले होते. पुढे १८७४ मध्ये सरकारलाच वाढीवर मर्यादा घालावी लागली: तालुक्याची एकूण वाढ ३३ टक्के, एका गावाची ६६ टक्के आणि एका खातेदाराची १०० टक्के, यापलीकडे जायचे नाही. खातेदाराचा सारा थेट दुप्पट करणे ज्या नियमात ‘मर्यादा’ ठरते, त्याच्या आधी काय चालले असेल ते समजून घ्यावे.

मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या पद्धतीने रयतेच्या नावावर जमीन स्पष्ट केली, ती विकता येऊ लागली आणि गहाणही टाकता येऊ लागली. सारा ठरल्या हप्त्याला रोखीने हवा, पाऊस तर आपल्या भागात तीन वर्षांतून एकदा दगा देणारा. हप्त्याच्या दिवशी कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाणार, आणि सावकाराच्या हातात आता जमिनीचा कागद आणि मागे दिवाणी कोर्ट. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा रोख होता तो कर्जखतांवर आणि हिशेबाच्या चोपड्यांवर; कागद मिळाले तिथे जाळले. मामलेदार कचेरीकडे कोणी वळले नाही, यावरून काहीजण दंग्यांचा साऱ्याशी संबंध नव्हता असे म्हणतात. सावकाराकडे जाण्याची वेळ कशामुळे येत होती, हा प्रश्न त्यात गाळला जातो. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने कर्जाच्या दाव्यांना थोडा आळा घातला, पण हप्त्याची रोख रक्कम तशीच राहिली.

तेव्हा ३ रुपये १२ आणे ही रक्कम ‘लहान’ आहे असे आजच्या चहाशी तुलना करून ठरवू नये. ज्या घरात वर्षभर रोख रुपया दिसत नसे, त्या घराने ती पाहायला हवी.

दप्तरखाना

कोरडवाहू यांचा मुद्दा रास्त आहे. मी पद्धतीची रीत सांगितली, तिचे परिणाम सांगितले नाहीत. मात्र दर हलके होते तेव्हा हीच पद्धत चालली आणि दर चढले तेव्हा ती काचली, एवढा फरक मी तरीही करीन.

आता आकार का वाढला नाही ते. १९२८ मध्ये बारडोलीत २२ टक्के वाढीविरुद्ध सत्याग्रह झाला आणि नंतरच्या चौकशीत सहा टक्क्यांच्या आसपासच वाढ समर्थनीय ठरली. तेव्हापासून फेरआकारणी हा राजकीयदृष्ट्या हात पोळणारा विषय झाला. १९३९ मध्ये आकारणीची तत्त्वे कायद्यातच घालण्यात आली. पुढे महायुद्ध, महागाई, स्वातंत्र्य. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आकारणीची तरतूद आहे, पण शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून येणारे कोणते सरकार ती वापरणार? रुपयाची किंमत घसरत गेली आणि आकार जागच्या जागी राहिला.

गंमत अशी की शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळले गेले ते १८८६ च्या कायद्याने, आणि त्यामागचे एक मुख्य समर्थन हेच होते की जमिनीवर सारा आधीच आहे. सारा नावापुरता उरला, सूट मात्र कायम आहे. उलट १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी पैसा हवा होता, तेव्हा महाराष्ट्राने तो व्यवसायकराच्या रूपाने पगारदारांकडून घेतला. माझ्या पगारातून तो दरमहा कापला जातो, म्हणून हे विशेष लक्षात आहे.

नीराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांना कोरडवाहू यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

काल शेतावर गेलो होतो, तेव्हा साखळीवाला यांचे ऐकून कुदळ घेऊन गेलो. बांधाच्या वरच्या अंगाला अर्ध्या हातावरच मुरूम लागला. खाली ओढ्याकडे माती हात-सव्वाहात खोल आहे, पण दोन्हीकडे ढेकळे फोडली की आत पांढरे चुनखडीचे खडे. आमच्याकडे जुनी माणसे त्या तुकड्याला ‘आठ आण्याचे शेत’ म्हणत. मी आजवर समजत होतो की ते कोणीतरी कधीकाळी आठ आण्यांना विकत घेतले असावे.