मांजर बुलबुलची पिल्लं धरून आणतेय, काय करू?

चिंगीची_आई (इंदूर):
मंडळी मदत हवीय. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, मागे अंगणात मधुमालतीचा वेल आहे, त्यात बुलबुलनी घरटं केलंय. काल पहाटे चिंगीनी एक पिल्लू तोंडात धरून आणलं नि माझ्या पायाशी ठेवलं, जिवंत होतं हो, एक पंख लोंबत होता, चोच उघडी, आणि त्याची आई बाहेर तारेवर बसून नुसती ओरडत होती. दुपारपर्यंत गेलं ते. घर आमचं शाकाहारी, चिंगीला दूध-पोळी, पनीर सगळं पोटभर देतो तरी असं का करते? सासूबाई म्हणतात लांब कुठेतरी सोडून या हिला, मला ते जमणारच नाही. गळ्यात घंटा बांधू का?

बोकेवाला_दादा (बडोदा):
ताई सोडू नका, अनोळखी गल्लीत कुत्री फाडतील तिला. आणि रागावूही नका, पोट भरलेलं असलं तरी हलणारं काही दिसलं की मांजर झडप घालणारच, भूक आणि शिकार या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. पण दूध-पोळी आधी बंद करा. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतूनच मिळतं, तिचं शरीर पुरेसं बनवत नाही, कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं (हे हृदयाचं 1987 सालीच सिद्ध झालंय). घरात शिजवायचं नसेल तर मांसाचं तयार कॅटफूड आणा, वाटी वेगळी ठेवा, सासूबाईंना डॉक्टरकडूनच सांगवा. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठानी 2021 मधे अभ्यास छापला होता, भरपूर मांसाचं, धान्य नसलेलं खाणं दिलं तर घरी आणलेली शिकार 36 टक्के कमी झाली, रोज 5-10 मिनिटं खेळवलं तर 25 टक्के. घंटेचा काही उपयोग दिसला नाही.

जुनी_इंदुरी:
खेळवायचं म्हणजे नुसता बॉल टाकून द्यायचा नाही हं. काठीला दोरी, दोरीला पीस, आणि ते तिच्यापासून लांब सरपटत न्यायचं, सोफ्याआड दडवायचं, ती मागचे पाय हलवत दबा धरते ना, तेव्हा थांबायचं. शेवटी पकडू द्या, चावू द्या, आणि लगेच जेवण द्या, मग ती अंग चाटत झोपते. बुलबुलची पिल्लं घरट्यातून उतरली की काही दिवस नीट उडत नाहीत, खालीच फडफडतात, तेवढे दिवस तरी चिंगीला आतच ठेवा, खासकरून पहाटे आणि संध्याकाळी. ओरडेल, दार ओरबाडेल, तरी उघडू नका. आणि पुन्हा पक्षी जिवंत सापडला तर जखम दिसो न दिसो, पशुवैद्याकडे लगेच न्या, मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी तो एक-दोन दिवसात मरतो, अँटिबायोटिक लागतं. खोक्यात अंधारात ठेवून न्यायचं, चोचीत पाणी ओतायचं नाही.

बोकेवाला_दादा:
हे बरोबर. अजून एक, शेजारीपाजारी कुणी उंदरांचं औषध टाकत असेल तर आजच बोला त्यांच्याशी. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, मांजर तोच आधी पकडते आणि मग तिच्याही पोटात रक्तस्राव होतो.

चिंगीची_आई:
अहो, मागच्या बंगल्यात टाकतात ते! आत्ताच जाते.