चर्चा : संभाजीनगरच्या जालना रोडवर सायकलवाल्याला आणि पायी चालणाऱ्याला जागा कुठंय?

मुकुंदवाडीकर
आमच्या गल्लीतले एक काका चिकलठाणा एमआयडीसीत रोजंदारीवर जातात. बावीस इंची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, डाव्या पायडलचं रबर झिजून नुसता दांडा उरलेला. गेल्या महिन्यात सकाळी सातला एका कारचा आरसा लागून ते पडले. कार थांबलीच नाही. हाताला प्लॅस्टर, तीन आठवडे हजेरी बुडाली.
संभाजीनगरात या रस्त्यावर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको इतके उड्डाणपूल झाले. सगळे इंजिनवाल्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामं करणाऱ्यांत देशभरात पाचातला एक जण पायी जात होता, साधारण आठातला एक सायकलवर. २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली ३२ हजारांवर पायी चालणारी होती. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाच रस्त्यावर जागा नाही. विषमता म्हणतात ती हीच. सायकलींना वेगळा ट्रॅक आणि मोकळे फूटपाथ मागायला आपण मोहीम काढू, निवेदन देऊ.

वाळूजचा फिटर
भाऊ, मी नऊ वर्षं छावणीतून वाळूजला सायकल हाणली. जुनी मोटारसायकल घेतली त्या दिवशी आईनं नारळ फोडला. गरिबाला सायकलचा ट्रॅक नको, सायकलीपासून सुटका पाहिजे. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत दुपारच्या शिफ्टला पायडल मारत जाऊन बघा, मग बोलू. तोच पैसा बसवर लावा. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते, त्याचं काय?

गोदाकाठची
दादा, तुमचे कष्ट मान्य. पण सायकल प्रत्येकासाठी मजबुरी नसते. माझ्या मामेबहिणीच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची शाळा साडेतीन किलोमीटरवर. आठवीत तिला सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळाली म्हणून ती शिकली, नाहीतर मामांनी तिला घरी बसवायचं जवळपास ठरवलंच होतं. आता ती बी.एस्सी.ला आहे.
आणि होत नाही असं म्हणू नका. आमच्या नांदेडात २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी मोठे रस्ते नव्यानं बांधले, त्यात पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा ठेवली. मी शाळेत त्याच पट्ट्यावरून जायचे. आज माझ्या शाळेसमोर त्या पट्ट्यावर मोटारसायकली उभ्या असतात. बांधून भागत नाही, राखावं लागतं.

उस्मानपुऱ्यातलं दुकान
फूटपाथ मोकळे करा म्हटलं की पहिली उचलली जाते ती हातगाडी. माझ्या दुकानासमोर केळी विकणाऱ्या मावशी रोज तीन किलोमीटर पायी येतात. फूटपाथ त्यांना चालायलाही लागतो आणि पोटालाही. तुमच्या मोहिमेत त्या कुठं जाणार?

मुकुंदवाडीकर
मुद्दा बरोबर आहे, मी तो विचार केला नव्हता. २०१४ च्या कायद्यानं पथविक्रेत्यांना हक्क दिलेत, जागा ठरवून द्यायला पाहिजे. पण शेठ, खरं सांगा, फूटपाथ मावशींच्या गाडीनं अडलाय की पार्किंगनं आणि दुकानांच्या ओट्यांनी? सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये पायी चालणाऱ्यांचा फूटपाथचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो असं सांगितलंय. ओटा कलम २१ मध्ये येत नाही.

उस्मानपुऱ्यातलं दुकान
माझा ओटा दीड फूट पुढं आहे. काढतो म्हटलं तर शेजारचेही निघाले पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक त्यांच्या सावलीला जाणार.

वाळूजचा फिटर
ट्रॅकचं मला अजून पटलेलं नाही, आधी बसच. पण बसच्या थांब्यापर्यंत माणूस पायीच जातो, हे खरं. आमच्याकडं थांब्यासमोरच्या नालीवर फरशी नाही, आई तिथंच घसरली होती. फूटपाथसाठी निवेदन देणार असाल तर माझी सही धरा.
काकांचं प्लॅस्टर निघालं का?

मुकुंदवाडीकर
सोमवारी निघालं. पण मूठ अजून नीट वळत नाही, ब्रेक दाबता येत नाही. सध्या पायी जातात, घरून सहालाच निघतात.