मदत हवी: डेटासेटवर ९९ टक्के, पण खऱ्या ट्रॅफिकवर मॉडेल सगळ्यालाच हल्ला म्हणतंय

लूम_ते_लॅन (सोलापूर)
एम.टेक.च्या डिझर्टेशनसाठी इंट्रूजन डिटेक्शनचं, म्हणजे नेटवर्कवरचे हल्ले ओळखणारं मॉडेल केलंय. रँडम फॉरेस्ट (अनेक डिसिजन ट्रींचं मत घेणारं). टेस्टवर ९९.८ टक्के ॲक्युरसी येते, एफ-वन (चुकलेले आणि खोटे अलर्ट दोन्ही धरणारा स्कोअर) पण तसाच. गाईड मॅडम म्हणाल्या, डेटासेटवर सगळ्यांचंच चालतं, खऱ्या नेटवर्कवर चालवून दाखव. म्हणून खरं ट्रॅफिक घेतलं, फ्लो (एकेका कनेक्शनच्या पॅकेटांचा गोषवारा) काढले, मॉडेलला दिले, तर जवळपास सगळ्याला 'डॉस'चं (मारा करून सेवा बंद पाडणाऱ्या हल्ल्याचं) लेबल लावतंय. हल्ला काहीच चालू नव्हता, मी स्वतः तिथं बसून होतो. ट्री वाढवून बघितले, एक्सजीबूस्ट हे दुसरं मॉडेल लावून बघितलं, तेच. सोमवारी फेज-टूचं प्रेझेंटेशन आहे, एक्स्टर्नल बाहेरगावाहून येणार, तारीख हलणार नाही. कुणाला असं झालं असेल तर लवकर सांगा की ओ.

जुना_मास्तर
डेटासेट कुठला, तेच लिहिलं नाहीत. केडीडी ९९ हा जुना डेटासेट असेल तर तिथंच थांबा. एमआयटीच्या लिंकन लॅबनं १९९८ साली डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेसाठी उभ्या केलेल्या कृत्रिम नेटवर्कवरून तो निघालाय, आणि ट्रेनिंगच्या नोंदींत सुमारे ७८ टक्के नुसत्या पुनरावृत्त्या. त्या गाळून २००९ मध्ये एनएसएल-केडीडी आला, तरी ट्रॅफिक त्याच काळातलं राहिलं. आपल्याकडे अजून त्यावर प्रबंध होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डीपलर्नर
रँडम फॉरेस्टवर वेळ घालवू नका. ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर निदान ऑटोएन्कोडर, दोन्ही न्यूरल नेटवर्क. ऑटोएन्कोडर दिलेला डेटा पुन्हा तसाच उभा करायला शिकतो. फक्त साध्या ट्रॅफिकवर शिकवा, रिकन्स्ट्रक्शन एरर (उभं करताना झालेली चूक) जास्त आला की हल्ला. माझ्या कामात याच मार्गानं निकाल सुधारले.

लूम_ते_लॅन
केडीडी नाही ओ सर. सीआयसीआयडीएस २०१७, त्यांच्या तयार सीएसव्ही. माझ्या कॅप्चरचे फ्लो पण त्यांच्याच सीआयसीफ्लोमीटर या टूलनं काढलेत, म्हणजे कॉलम तेच. डीपलर्नर, लॅपटॉपला जीपीयू नाही, सोमवारपर्यंत ते होणार नाही.

जुना_मास्तर
ट्रेन-टेस्ट वाटणी कशी केलीत? रँडम ८०-२० असेल तर ते ९९.८ बाजूला ठेवा. त्या डेटासेटमध्ये ३ ते ७ जुलै २०१७ असे पाच दिवस आहेत. सोमवारी फक्त साधं ट्रॅफिक, मंगळवारी एफटीपी-एसएसएचचे पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न, बुधवारी डॉस आणि हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधल्या त्रुटीचा फायदा घेणारा हल्ला), गुरुवारी वेब हल्ले आणि घुसखोरी, शुक्रवारी बॉटनेट, पोर्ट स्कॅन, डीडॉस. एकेका हल्ल्याचे हजारो फ्लो एकाच टूलनं, थोड्याच वेळात तयार केलेले, एकमेकांशी जुळणारे. रँडम वाटणीत त्यातले बहुतेक ट्रेनिंगमध्ये जातात, उरलेले टेस्टमध्ये येतात. मॉडेलनं मग ओळखलं काय? हार्टब्लीडच्या तर सगळ्या मिळून ११ नोंदी आहेत. आणि डेस्टिनेशन पोर्ट (पॅकेट कुठल्या सेवेसाठी आहे ते सांगणारा नंबर) हे फीचर ठेवलंय का? ठेवलं असेल तर एफटीपीचा २१ नंबर दिसला की मॉडेल पासवर्ड हल्ला म्हणायला शिकतं.

लूम_ते_लॅन
वाटणी रँडमच आहे, सगळ्या पेपरांत तशीच दिसली. पोर्ट ठेवलाय. पण सर, यानं आकडा थोडा खाली येईल, सगळंच डॉस का होईल?

एसओसी_नाईटशिफ्ट
मी पुण्यात एसओसीमध्ये (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) काम करते, अलर्ट बघणं हेच रोजचं काम. ॲक्युरसी हा आकडाच आमच्या कामाचा नाही. समजा १० लाख फ्लोंमध्ये १०० हल्ले आहेत आणि तुमचं मॉडेल ते सगळे पकडतं, पण साध्या ट्रॅफिकपैकी एक टक्क्याला चुकून हल्ला म्हणतं. म्हणजे जवळजवळ १० हजार खोटे अलर्ट, त्यात १०० खरे. शंभर अलर्ट उघडल्यावर एक खरा. रात्रीच्या शिफ्टला दोन माणसं असतात, तिसऱ्या दिवशी ती अलर्ट न वाचता बंद करायला लागतात. सॉमर आणि पॅक्सन यांनी २०१० मध्येच लिहून ठेवलंय की मशीन लर्निंग इतर क्षेत्रांत जितकं चाललं तितकं प्रत्यक्ष नेटवर्कवर घुसखोरी पकडायला का चाललं नाही. सुरिकाटा हे नियमांवर चालणारं टूल बसवा, नियम लावा, त्याच्या निकालाशी तुलना दाखवा. एक्स्टर्नलना तेच जास्त पटेल.

जुना_मास्तर
ताई, नियम फक्त माहीत असलेला हल्ला पकडतात. संशोधन करायचं ते न माहीत असलेल्यासाठी. मुलाला टूल बसवायला सांगितलं तर डिझर्टेशन कशाचं?

एसओसी_नाईटशिफ्ट
सर, तुलनेला काहीतरी उभं नको का? 'आमचं मॉडेल सुरिकाटापेक्षा इतकं जास्त पकडतं, इतके खोटे अलर्ट देतं' हे वाक्य मी आजवर फार थोड्या प्रबंधांत वाचलं. तेवढं आलं तरी आम्हाला उपयोग होईल.

बाळीवेस
धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. सोलापूर विद्यापीठात पीएच.डी.साठी नेटवर्क सिक्युरिटी विषयात पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) देऊन गाईड मिळतात का? पुण्याला जावं लागेल का?

पॅकेटपुराण
सगळे मॉडेलवर बोलताहेत, कॅप्चरबद्दल कुणीच विचारलं नाही. 'खरं ट्रॅफिक' म्हणजे कुठलं? कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवर, कशानं घेतलं? तिथं कुठली उपकरणं आहेत?

लूम_ते_लॅन
त्यानं काय फरक पडतो? पीकॅप (पकडलेल्या पॅकेटांची फाइल) ती पीकॅप. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात मॅनेज्ड स्विच आहे, त्यावर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्यावर पाठवणं) लावून लॅपटॉपवर पॅकेट पकडणारा टीसीपीडम्प चालवला. मिरर त्यांच्या नेटवर्कवाल्यानं लावून दिला.

पॅकेटपुराण
फरक तिथंच पडतो, मित्रा. दोन गोष्टी आत्ता बघून सांग. एक, तुझ्या सीएसव्हीत 'टोटल बॅकवर्ड पॅकेट्स'चा, म्हणजे उत्तरादाखल आलेल्या पॅकेटांचा कॉलम उघड, किती ओळींत शून्य आहे? दोन, मिरर केलेला पोर्ट कुठला, आणि त्यावर येणारं, जाणारं की दोन्ही, काय निवडलंय?

होटगीरोड
कारखाना म्हणजे कॅमेरे असणारच. मामांना सांग, आधी कॅमेऱ्यांचे आणि डीव्हीआरचे कंपनीकडून आलेले पासवर्ड बदला. २०१६ मधल्या मिराई या मालवेअरनं असेच पासवर्ड वापरून कॅमेरे ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात डाइन (Dyn) या कंपनीची डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी) सेवा पाडली, अमेरिकेत मोठमोठ्या साइट उघडेनात. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून कॅमेरा बाहेर उघडा ठेवला असेल तर तो बंद करा. आपल्या एमआयडीसीत हे कुणी बघत नाही, मला याची खरंच काळजी वाटते.

लूम_ते_लॅन
पॅकेटपुराण दादा, बॅकवर्डचा कॉलम वरपासून खालपर्यंत शून्य आहे. सगळ्या ओळींत. मिरर केलाय तो शेडमधून ऑफिसला येणारा अपलिंक, आणि त्यावर फक्त 'इनग्रेस' निवडलेलं आहे. शेडमध्ये कॅमेरे आहेत, रेकॉर्डर ऑफिसात.

पॅकेटपुराण
मग उत्तर मिळालं. इनग्रेस म्हणजे त्या पोर्टमधून स्विचमध्ये शिरणारं तेवढंच. फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकावं तसं तुझं कॅप्चर झालंय. कॅमेऱ्याचा व्हिडिओ दिसतो, रेकॉर्डरची पोच दिसत नाही. त्यात कॅमेऱ्याचं कनेक्शन दिवसभर तुटत नाही, म्हणून सीआयसीफ्लोमीटर त्याच्या ठरलेल्या मुदतीनं, म्हणजे १२० सेकंदांनी, त्याचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा एकतर्फी, पॅकेटांचा मारा सतत, उत्तर नाही. मॉडेलनं 'डॉस' म्हटलं तर त्याचा दोष नाही.
मिररमध्ये दोन्ही दिशा निवडून पुन्हा कॅप्चर घे. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डावर इथटूल या कमांडनं जीआरओ आणि एलआरओ (आलेली पॅकेटं जोडणाऱ्या सोयी) बंद कर, नाहीतर कर्नल आलेली पॅकेटं जोडून मोठी करून टीसीपीडम्पला देतो आणि लांबीचे सगळे कॉलम बिघडतात. पॅकेट बघायच्या वायरशार्कमध्ये १५१४ बाइटपेक्षा मोठ्या फ्रेम दिसल्या तर समज की ते चालू आहे.
शिवाय त्या डेटासेटसाठी वापरलेल्या टूलमध्येही खोट होती. फिन (कनेक्शन संपवतोय असं सांगणारं) पॅकेट आलं की ते लगेच फ्लो बंद करायचं आणि मागून येणाऱ्या पॅकेटांचा वेगळाच फ्लो धरायचं. बेल्जियममध्ये ल्युवेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे दाखवलं आणि दुरुस्त डेटासेट, दुरुस्त टूल दोन्ही दिलं. तयार सीएसव्ही सोडून ते घे. एका आवृत्तीवर शिकवून दुसऱ्या आवृत्तीचे फ्लो देऊ नकोस.

डीपलर्नर
ऑटोएन्कोडर असता तर कारखान्याच्याच साध्या ट्रॅफिकवर शिकवता आला असता, डेटासेटची गरजच पडली नसती. मुद्दा तोच आहे.

पॅकेटपुराण
एकतर्फी कॅप्चरवर शिकवला असता तर त्यानं एकतर्फीलाच साधं मानलं असतं, आणि ही चूक प्रबंध छापून झाल्यावर सापडली असती. आधी पॅकेट बघायचं, मॉडेल नंतर.

सातरस्ता
परवानगीचं काय? तिथं कामगारांचे मोबाइल वाय-फायवर असणार. मामा मालक असले तरी तोंडी होकारावर जाऊ नका, लेखी घ्या, आणि वाय-फाय वापरणाऱ्यांना दिसेल अशी नोटीस लावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. फ्लो काढून झाले की कच्ची पीकॅप पुसून टाका.

पॅकेटपुराण
परवानगी लेखीच हवी, शंभर टक्के. पण पीकॅप पुसायला माझा विरोध आहे. ती जपली म्हणून आत्ता खरं कारण शोधता आलं. आयपी पत्ते बदलून, एन्क्रिप्ट करून गाईडकडे ठेवा आणि कधी पुसणार ते परवानगीच्या पत्रातच लिहा.

बाळीवेस
माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

जुना_मास्तर
मिळतात. विद्यापीठाच्या साइटवर विषयवार गाईडची यादी आणि रिक्त जागा बघा, पेटच्या आधी दोघातिघांना प्रत्यक्ष भेटा, आणि कॅप्चर घ्यायला नेटवर्क मिळेल का ते पहिल्याच भेटीत विचारा.

लूम_ते_लॅन
आज कारखान्यात जाऊन आलो. मामांकडून लेखी घेतलं, मस्टरजवळ नोटीस लावली. मिरर दोन्ही दिशांचा केला, जीआरओ बंद केलं, दुरुस्त डेटासेटवर नव्यानं शिकवलं, डेस्टिनेशन पोर्टचं फीचर काढून टाकलं. आता ब्राउझिंग, टॅली, बँकेची साइट, सगळं साधं म्हणून येतंय. कॅमेऱ्यांचे फ्लो मात्र अजून बरेचसे डॉसमध्येच जाताहेत. हे सोमवारी कसं मांडू?

एसओसी_नाईटशिफ्ट
लपवू नका, तेच पुढे ठेवा. डेटासेटमधलं साधं ट्रॅफिक २५ वापरकर्त्यांच्या वागणुकीवरून बनवलंय, त्यात वेब आहे, ईमेल आहे, एफटीपी-एसएसएच आहे, पण दिवसभर वाहणारा कॅमेरा नाही. एक टेबल करा: उपकरणाचा प्रकार, फ्लो किती, त्यातले खोटे अलर्ट किती, मिरर एकतर्फी असताना आणि दोन्ही दिशांचा असताना. कॅमेऱ्याची ओळ सगळ्यात वर घ्या.

जुना_मास्तर
ताईंशी सहमत. आणि ९९.८ त्याच स्लाइडवर ठेवा, खाली वाटणी रँडम होती हे लिहा. सीएसई-सीआयसी-आयडीएस २०१८ या दुसऱ्या डेटासेटवर तपासून आलेला आकडा शेजारी द्या. एक्स्टर्नल विचारतील, 'मग कुठला आकडा खरा?' उत्तर तयार ठेवा.

लूम_ते_लॅन
२०१८ चा डेटा डाउनलोडला लावलाय, इथं दुपारी लाईट जाते म्हणून रात्रीच चालवतोय. सोलापुरात कुणाकडे तो आधीच हार्ड डिस्कवर असेल तर निरोप करा, मी येऊन घेऊन जातो.