डाळिंबाच्या सालीचा अर्क ई. कोलायवर का चालत नाही?

बाळेकर_मायक्रो: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय. मार्केट यार्डातून डाळिंबं आणली, साल सावलीत वाळवून मिक्सरला बारीक केली आणि मेथॅनॉलमध्ये भिजवली. स्टॅफ ऑरियस या जंतूच्या प्लेटवर मस्त झोन (जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) येतोय पण ई. कोलाय या जंतूवर जेमतेम. अँटीऑक्सिडंट तपासायचं डीपीपीएचचं जांभळं द्रावण मात्र अर्क टाकला की पिवळं पडतं, मग अँटीऑक्सिडंट इतकं भारी अन् अँटीबॅक्टेरियल कमी असं कसं?

जुळे_सोलापूर: अरे दोन्ही टेस्ट वेगळ्याच आहेत. डीपीपीएचमध्ये सालीतले टॅनिन अन् बाकी पॉलिफेनॉल हायड्रोजन देतात, रंग उतरतो, तो आपण 517 नॅनोमीटरला मोजतो, जंतूचा त्यात संबंधच नाही. आणि ई. कोलाय ग्रॅम निगेटिव्ह, त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो, बरेच अर्क तिथंच अडतात.

वनस्पती_ताई: नुसत्या झोनवर जाऊ नकोस बाळा. सालीतल्या प्युनिकॅलॅजिन या टॅनिनचा रेणू मोठा, प्लेटवरच्या अगारच्या जेलीत हळू पसरतो, म्हणून झोन लहान दिसू शकतो. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढ. मेथॅनॉल पूर्ण उडवलंस का? उरलं तर तेच जंतू मारतं अन् श्रेय सालीला जातं. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असशील तर तुलनेला नुसत्या डीएमएसओची वेलही (अगारमधला खड्डा) प्रत्येक प्लेटवर हवीच.

पंढरपूरची_सून: आमच्याकडं जुलाबाला साल उकळून द्यायचे, मग ते खरंच ना?

वनस्पती_ताई: टॅनिन आतड्याला आवळतं, त्यामुळं फरक पडत असेल. पण प्लेटवरचा झोन म्हणजे औषधाचा डोस नव्हे वहिनी, लेकराला जुलाब झाले तर आधी ओआरएस आणि डॉक्टर.

बाळेकर_मायक्रो: ताई, तुलनेचा कंट्रोल नुसत्या पाण्याचाच होता. उद्याच डीएमएसओचा लावतो.