ब्राझीलच्या बेटावर जोडीने हॉस्टेल: डॉर्म की वेगळी खोली?

धागाकर्ती

"डॉर्म म्हणजे धर्मशाळाच ना ती?" सासूबाईंचा हा प्रश्न मला अजून नीट खोडून काढता आलेला नाही.

मार्चमध्ये आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून इल्या ग्रांदेला जाऊन आलो. रिओपासून बसने अडीच-तीन तास, पुढे बोट. एकूण नऊ रात्री. पहिल्या चार आठ खाटांच्या डॉर्ममध्ये, उरलेल्या पाच वेगळ्या खोलीत. मुक्काम आब्राआंवला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात. पर्यटकांच्या गाड्यांना बेटावर मज्जाव आहे, त्यामुळे धक्क्यावर उतरलं की सामान हातगाडीवर नाहीतर पाठीवर.

काउंटरवरच्या मुलीने "शावी" म्हणत चावी पुढे केली आणि मला डोकं न लावताच कळलं. चावी, बटाटा, पाव, बादली हे सगळं पोर्तुगीजांनीच तर आपल्याकडे आणून टाकलंय. मग मीही धीर करून "बाल्दे" मागितली. तिने "बाऊजी" असं दुरुस्त करून बादली आणून दिली. नवरा अजून कुठल्याही बादलीला भाऊजी म्हणतो.

पहिले तीन दिवस धो धो पाऊस. तो वरच्या खाटेवर, मी खालच्या. आठ जणांचे ओले कपडे एका खोलीत. दिवसा मराठीत मनसोक्त भांडता यायचं, कुणाला काही कळायचं नाही. रात्री मात्र भांडणही कुजबुजत करावं लागायचं आणि कुजबुजत भांडलं की ते मिटतच नाही, असा माझा अनुभव. पाचव्या दिवशी खोली घेतली. पैसे जवळपास दुप्पट, पण दार लावता आलं.

तर, जे जोडीने ब्राझीलच्या बेटांवर असे राहिलेत त्यांनी लिहा. खर्चाचे तक्ते नकोत, काय घडलं ते सांगा.

ओला टॉवेल

तिथे कपडे वाळत नाहीत याला शंभर टक्के अनुमोदन. आणि शॉवरबद्दल कसं नाही लिहिलंत? नळाच्या तोंडातच हीटर आणि भिंतीतून उघड्या आलेल्या वायरी! बायकोने पहिले दोन दिवस थंड पाण्यानेच अंघोळ केली. पाण्याची धार बारीक ठेवली की ते जास्त गरम होतं, हे तिसऱ्या दिवशी एका सहनिवाश्याने खुणांनी शिकवलं.

पायवाट

माझं मत डॉर्मला, आणि त्याला कारण आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत गेलो होतो. (त्याच वर्षी जुलैत पाराती आणि इल्या ग्रांदे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. आम्ही नेहमीप्रमाणे आधीच जाऊन मोकळे.) लोपेस मेंदेसच्या किनाऱ्याला सकाळी चालत निघालो. वाटेत पाल्मास, मांगेस असे छोटे किनारे लागतात, मग पोउझो, तिथून झाडीतून वीसेक मिनिटं. जवळपास तीन तास मोडतात. पुढे एकदम तीन किलोमीटर पांढरी, पिठासारखी वाळू, मागे एकही हॉटेल नाही, पायाखाली कुचकुच आवाज. समुद्र तिथे उघडा आहे, बोटी लागत नाहीत. परतीची बोट पोउझोहून दुपारीच सुटते.

ती चुकली. कुणामुळे, यावर आमच्या घरी आजही दोन मतं आहेत.

परत चालत. झाडीत अंधार लवकर पडतो. मोबाइलच्या उजेडात घसरत चाललोय, वरून बुजिओ माकडं घशातून असं काही गुरगुरतायत की वाघच वाटावा, आणि अचानक पिकल्या फणसाचा घमघमाट! वाटेवर फणस फुटून पडलेले. नवरा म्हणाला, "आलो की गं कोकणात." मला रडू येत होतं, तरी हसले. नंतर कळलं की हा फणस आपल्याच किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी तिकडे नेला. नाव 'जाका', तेही मल्याळममधल्या 'चक्का'वरून. आता तो तिथल्या मूळ झाडांना जागाच देत नाही, म्हणून जंगलवाले त्याच्या मागे लागलेत. सोयरा आला आणि घर बळकावून बसला, तशातली गत.

हॉस्टेलवर पोचलो तर डॉर्ममधली दोघं बूट घालून, टॉर्च घेऊन आम्हाला शोधायला निघत होती. आमच्या खाटा रिकाम्या दिसल्या म्हणून. बंद दाराच्या खोलीत असतो तर कुणाला कळलं असतं?

धागाकर्ती

पायवाट, हे मुद्द्याचं आहे. माझी दुप्पट पैशांची खोली जरा खट्टू झाली.

फक्त वरणभात

शाकाहारी जोडपं. "सेम कार्ने" म्हणायला शिकून गेलो होतो, म्हणजे मांसाशिवाय. तरी कोंबडी आली! कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाय-बैल, कोंबडी त्यात मोजत नाहीत. काळ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराचे तुकडे असू शकतात. म्हणून हॉस्टेलचं स्वयंपाकघर हा आमचा प्राण. भात, घेवडा, वरून घरून नेलेला गोडा मसाला. तिसऱ्या दिवशी एका अर्जेंटिनी मुलाने वाटी पुढे केली, चौथ्या दिवशी तिघांनी. मसाला तिथेच संपला. वेगळ्या खोलीत राहायचं असेल तर राहा, स्वयंपाकघर मात्र सामायिकच हवं.

गुडघे

आम्ही दोघं निवृत्त. वरची खाट शक्य नाही, म्हणून हॉस्टेलमध्येच खालची खोली, दारात झोळी टांगलेली. तिला ते 'हेजी' म्हणतात. लिहिताना रेदे, बोलताना हेजी. ब्राझीलमध्ये 'र' शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याचा 'ह' होतो, हे कळेपर्यंत आम्ही बरेच हास्यास्पद ठरलो. (रिओचंही हीऊ होतं.)

पोरं समुद्रावर, आम्ही दोइस रिओसला गेलो. रस्ता रुंद, पण चढाचा. तिथला तुरुंग १९९४ साली पाडला, उरलेल्या भागात संग्रहालय आहे. तिथल्या बंदी-वसाहतीत १९३६ साली लेखक ग्रासिलियानो रामोस यांना ठेवलं होतं. ही सांगत होती, "अंदमानला रडले होते, इथे कुणाची नावंच माहीत नाहीत तर रडू येत नाही." समोर दोन नद्या समुद्राला मिळतात आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. आम्ही तासभर नुसते बसलो.

भरती

बेट वेगळं, चालेल ना? मोरो दे साओ पाउलो, बाहिया राज्यात. साल्वादोरहून कॅटामरानने दोन-अडीच तास. समुद्र खवळलेला, अर्धी बोट ओकत होती, आमच्या लग्नाला अकरा दिवस झालेले. मी तिची पिशवी धरली, तिने माझी. किनारे तिथे नंबरवारीने आहेत: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. सामान वाहणाऱ्यांच्या एकचाकी ढकलगाड्यांवर 'टॅक्सी' असं रंगवलेलं. दुसऱ्या किनाऱ्याजवळ डॉर्म घेतलं ही चूक, पहाटेपर्यंत ढोल. चौथ्याकडे जा, शांत आहे.

सुई

रंगाचा बेरंग करते, पण पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र जपा. ते नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. तिथे खोली कशी मिळते ते विचारू नका.

धागाकर्ती

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. डॉर्मबद्दल अवाक्षर नाही. फणसाच्या जागी थांबवून म्हणाल्या, "मग हाताला लावायला तेल दिलं का कुणी?"

पायवाट, उत्तर द्या बाई.

पायवाट

त्यांना सांगा, अंधारात पाय पडला त्याच्यावर. बुटाचा चीक चार दिवस निघाला नाही.