महाधमनीच्या फुगवट्याचं मूळ: उंदीर पाळायचे की माणसाची ऊती जपायची?

(महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. तिची भिंत कमकुवत होऊन का फुगते, हे कशावर शोधायचं, यावर खाडीकाठ, तिवर आणि रंगपेटी या तिघांमधला हा वाद.)

खाडीकाठ
कोकणातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयानं महाधमनीच्या आजारांवर प्रयोगशाळा काढली, तर पहिला पैसा उंदीरघरात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. नेहमीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. एपीओई हे रक्तातली चरबी हाताळणारं जनुक नसलेला नर उंदीर घ्यायचा, पाठीच्या कातडीखाली औषध हळूहळू सोडणारा ऑस्मॉटिक पंप बसवायचा आणि दर किलो वजनामागे मिनिटाला १००० नॅनोग्रॅम अँजिओटेन्सिन-२ (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक) असं २८ दिवस सोडायचं. फुगवटा येतो, पण मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर. माणसात तो बहुतेक वेळा खाली असतो. शिवाय उंदरात सुरुवातच भिंत उकलण्यानं, म्हणजे तिचे थर एकमेकांपासून सुटण्यानं होते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानं उंदरांतले फुगवटे आटोक्यात आले होते. माणसांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं दिलं, तरी लहान फुगवट्यांची वाढ मंदावली नाही. तो निकाल २०२० चा. म्हणून शस्त्रक्रियेत कापून टाकलेली भिंत जपा. आजार तिथे आहे.

तिवर
तिथे आजाराची राख आहे. पुरुषात फुगवटा साधारण ५.५ सेंमीचा झाला की शस्त्रक्रिया ठरते. तोवर इलॅस्टिन (भिंतीला लवचिक ठेवणारं प्रथिन) गेलेलं, स्नायूपेशी मेलेल्या, भिंतीत मॅक्रोफेज या भक्षक पेशी शिरलेल्या आणि आत रक्ताची गुठळी बसलेली. यातलं आधी काय झालं, हे त्या तुकड्यावरून कसं सांगणार? क्रम हवा तर जनावरच लागतं. कोवळ्या उंदराच्या पिण्याच्या पाण्यात बीएपीएन हे विष घाला. लायसिल ऑक्सिडेज हे विकर अडतं, इलॅस्टिन आणि भिंतीला बळकटी देणारं कोलॅजन यांचे आडवे बंध जुळत नाहीत आणि काही आठवड्यांत भिंत उकलते. कारण आपण घातलं, परिणाम डोळ्यांसमोर घडला. (बीएपीएन गोड वाटाण्याच्या बियांतलं. लाखेच्या डाळीतलं विष वेगळं, ते पाय लुळे करतं. या दोन्हींची गल्लत फार होते.)
आणि तुमचा तुकडा येणार कुठून? कोकणातले यातले बरेच रुग्ण मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठतात. जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (आतून आधार देणारी कापडी नळी) सरकवला, तर भिंत कापलीच जात नाही.

खाडीकाठ
क्रमाचा मुद्दा मान्य. पण त्याच क्रमावर विसंबून २००६ मध्ये मारफान या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत लोसार्टान या रक्तदाबाच्या औषधानं महाधमनीची वाढ रोखली, म्हणून सगळे हरखले. २०१४ मध्ये ६०८ मुलं आणि तरुण रुग्णांच्या चाचणीत ते अटेनोलॉल या जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही.
ऊती कुठून, याचं उत्तर शवविच्छेदन. तिथे सगळ्या वयांच्या महाधमन्या मिळतात, आजार नुकता लागलेल्याही आणि निरोगीही. नातेवाइकांची संमती आणि नीतिसमितीची मंजुरी हवीच. मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली ठरलेल्या अंतरावरून, प्रत्येक वेळी त्याच जागेचं ५ मिमीचं कडं कापा आणि २० पट फॉर्मेलिनमध्ये २४ तास ठेवा. जागा हलली तर तुलनाच मोडते, कारण निरोगी महाधमनीतही खाली जावं तसे इलॅस्टिनचे थर कमी होत जातात.

रंगपेटी
दोघांनीही काचपट्टीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या रंगवलेल्या कापाचा विचार केलेला नाही. इलॅस्टिन तुटलंय हे ठरतं ते इलॅस्टिनला काळं करणाऱ्या व्हेरहॉफ रंगावर. ५ टक्के अल्कोहोली हिमॅटॉक्सिलिन २० मिली, १० टक्के फेरिक क्लोराइड ८ मिली, ल्युगॉल आयोडीन ८ मिली. वापरायच्या वेळीच मिसळायचं. काप काळाकुट्ट झाला की २ टक्के फेरिक क्लोराइडनं जास्तीचा रंग काढायचा, मिनिट-दोन मिनिटं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. इथेच घात होतो. थोडं जास्त झालं की बारीक तंतू फिके पडतात आणि धडधाकट थर तुटल्यासारखा दिसतो. त्यात पुढच्या व्हॅन गीसन या दुसऱ्या रंगातलं पिक्रिक आम्ल आणखी रंग ओढतं, म्हणून किंचित आधीच थांबायचं. चुकलं तर व्हॅन गीसन लावण्यापूर्वी पुन्हा रंगवता येतं, नंतर नाही.
आता कोकणातला पावसाळा. फेरिक क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. आषाढात वरचेवर उघडलेल्या बरणीतून २ ग्रॅम तोललं, तर त्यात पाणीही तोललं जातं. द्रावण पातळ होतं, रंग उतरायला वेळ लागतो. मे महिन्यातलीच मिनिटं जुलैत धरली तर तंतू जास्त ठळक दिसतात, आणि ‘तुटलेले थर’ ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात. बरणी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या हवाबंद भांड्यात) ठेवा, दर खेपेला निरोगी महाधमनीची एक पट्टी सोबत रंगवा आणि मोजणाऱ्याला नमुना कुणाचा ते कळू देऊ नका.

तिवर
हे उंदरांनाही लागू. तिथली चूक त्याहून मोठी: पहिल्या दहा दिवसांत महाधमनी फुटून मेलेले उंदीर मोजणीतून वगळतात. मग मागे उरतात ते तगलेले, आणि औषध निकामी असलं तरी खपून जातं. मेलेल्या प्रत्येकाचं पोट-छाती उघडून फुटलेली जागा नोंदवलीच पाहिजे.
उंदीरघरात आर्द्रता साधारण ३० ते ७० टक्क्यांत ठेवावी लागते. आपल्याकडे जूननंतर बाहेरची हवा नव्वदीला टेकते आणि वीज जाते. तेव्हा उंदीरघर इथे नको, हे मी मान्य करतो. घाटावरच्या नोंदणीकृत उंदीरघरात प्रयोग करा. पण शवविच्छेदनातल्या कड्यातून आरएनए (पेशीत कुठली जनुकं चालू होती ते सांगणारा रेणू) चांगला मिळेल ही आशा सोडा. उकाड्यात काही तास गेल्यावर इलॅस्टिन टिकतं, स्नायूपेशींची केंद्रकं पुसट होतात. पेशींनी आधी काय केलं, हा प्रश्न त्या कड्याला विचारता येणार नाही.

खाडीकाठ
पेशींचा नाही, थरांचा विचारता येईल. तिशीतल्या आणि साठीतल्या, विडी ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या माणसांत त्याच जागेवर थर किती उरलेत, हे कुठलाही उंदीर सांगणार नाही. माझा पहिला पैसा अजूनही त्या कड्यावरच. दुसरा रंगपेटींच्या डेसिकेटरवर.